कडेवरचा तीन

आपल्या भागातल्या महार रेजिमेंटच्या दिवंगत सैनिकांची माहिती मी घरोघर जाऊन वहीत लिहून ठेवतो. मागच्या नोंदीनंतर पावसाळा मधे आला, मग सोयाबीनची काढणी. त्या दिवसांत कुणाच्या दारात जाऊन ‘तुमच्या बाबांची पदकं दाखवा’ म्हणणं बरं दिसत नाही. दिवाळीनंतर पुन्हा गाडी काढली. आजच्या घडीला वहीत महार रेजिमेंटच्या ३८ दिवंगत सैनिकांची नावं आहेत, सगळे पूर्णा, वसमत, सेनगाव आणि नांदेडच्या अलीकडच्या गावांतले. त्यातली १४ पानं मी पूर्ण धरतो. पूर्ण म्हणजे फोटो, आर्मी नंबर, पदकांच्या कडेवर कोरलेली अक्षरं, डिस्चार्ज बुक (सैन्यातून सुटताना मिळालेलं पुस्तक) नाहीतर पेन्शनचा कागद, आणि माणसाला गावात कुठं निरोप दिला ती जागा. ही शेवटची गोष्ट सुरुवातीला मी विचारतच नव्हतो. एका घरी पोरानं आपणहून ओढ्याकाठी नेलं, दगडावर हात ठेवून दोन मिनिटं गप उभा राहिला. तेव्हापासून विचारतो.

या कामात नव्यानं उतरलेल्यांनी जिल्ह्यांचा घोळ आधी समजून घ्यावा. लातूर जिल्हा १९८२ चा, जालना १९८१ चा, हिंगोली तर १९९९ चा. जुन्या डिस्चार्ज बुकात लातूरचा माणूस उस्मानाबादचा असतो, हिंगोलीचा परभणीचा. सप्टेंबर १९४८ च्या आधी भरती झालेला असेल तर आपला सगळा मुलूखच निजामाच्या हैदराबाद संस्थानात. सेनगावकडचा नायक हुद्द्याचा एक सैनिक मला काही केल्या सापडत नव्हता, कारण मी परभणीची पानं उलटूनच पाहिली नव्हती. एका कार्यालयात विचारायला गेलो तर ‘मयताची फाईल बंद होते’ एवढंच ऐकून परत आलो. आपलं काम बहुधा त्या बंद फायलीपासूनच सुरू होतं, हे तिथं बोलून उपयोग नव्हता.

आर्मी नंबर आधी पाहा. आपल्या रेजिमेंटच्या जवानांचे नंबर ४५ ने सुरू होतात, मराठा लाइट इन्फंट्रीचे २७ ने. फोटोत टोपीवरचं चिन्ह पुसट असलं तरी नंबर पलटणीचं कूळ सांगतो. फक्त माणूस नायब सुभेदार झाला की जुना नंबर जाऊन जेसीचा, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरचा, नंबर लागतो. त्यामुळे तरुणपणीच्या पदकावर एक नंबर आणि पेन्शनच्या कागदावर दुसरा, असं दिसलं तर लगेच दोन माणसं धरू नका. मी धरली होती. मागे ३९ नावं लिहिली होती ती आता ३८ झाली, त्याचं कारण हेच.

चिन्ह स्पष्ट असेल तर फोटोचा काळही कळतो. रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली, तेव्हा चिन्हात कोरेगावचा स्तंभ होता. पुढं स्तंभ जाऊन कट्यार आली, दोन विकर्स मशीनगनची फुली राहिली. वसमतजवळच्या एका घरात भिंतीवर लग्नातला म्हणून जो फोटो आहे, त्यात टोपीवर स्तंभ दिसतो. घरचे लग्नाचं जे साल सांगतात त्याच्या बऱ्याच आधीचा तो असणार. मी काही बोललो नाही. बहुतेक भरतीनंतरच्या पहिल्या सुट्टीत काढलेला असेल.

या मशीनगननं मला सगळ्यात जास्त चकवलं. १९४६ मध्ये रेजिमेंटला मशीनगनचं काम मिळालं आणि तिथून पलटण एका जागी राहीनाशी झाली. एक प्लाटून (कंपनीतली छोटी तुकडी) या ब्रिगेडला, दुसरी त्या बटालियनला, जिथं माऱ्याची गरज तिथं जोडून दिलेली. मी वर्षभर बटालियनची लढाई शोधायची आणि त्यात आपला माणूस बसवायचा, असं करत होतो. बसत नव्हता. १९४८ ला नौशेऱ्याला होतो असं सांगून गेलेल्या एका शिपायाला मी मनातल्या मनात थोडा खोटा ठरवला होता, कारण त्याची कंपनी मला दुसरीकडे दिसत होती. खोटा मी होतो. आता कंपनीच्याही खाली उतरून प्लाटून कुणाकडे दिली होती ते पाहतो. त्याचा मुलगा सांगतो, बाबा घरात पाणी तापायला ठेवलं की हसायचे. विकर्सच्या नळीभोवतीच्या टाकीत चारेक लिटर पाणी असतं, सलग मारा केला की ते उकळतं, वाफ रबरी नळीनं डब्यात सोडून पुन्हा पाणी करायचं. डोंगरावर आधी गनला पाणी, मग माणसाला. म्हातारपणी त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं, हे सून सांगत होती तेव्हा मी नुसतीच मान हलवली.

१९७१ वाल्यांकडे संग्राम मेडल जवळपास घरोघर आहे, कारण त्या काळात नोकरीत असलेल्या बहुतेकांना ते मिळालं. कोण कुठं लढलं ते स्टार नावाच्या पदकावरून कळतं, पूर्वी की पश्चिमी. एका घरात दाराच्या चौकटीवर रंगानं ‘ढाका विजेते’ लिहिलंय, आणि डब्यात निघाला पश्चिमी स्टार, मागे नाव कोरलेला. नातू पोलीस भरतीची तयारी करतो, आजोबांवर जीव. मी वहीत दोन्ही लिहिलं, घरी सांगतात ते एका ओळीत आणि स्टार दुसऱ्या ओळीत. त्याला मात्र स्टारचा अर्थ सांगितला. जरा वेळ गप बसला, मग म्हणाला, ‘म्हंजी पाकिस्तानच्या बॉर्डरवर व्हते.’ चौकट पुन्हा रंगवणार की नाही ते त्यानं ठरवावं.

पदकं घासू नका हे घरच्यांना किती वेळा सांगावं? चिंच, राख, रांगोळी, जे हाताला येईल त्यानं घासतात आणि कडेवरची अक्षरं बोथट होतात. मी खोली अंधारी करून टॉर्च आडवा धरतो आणि पदक हळूहळू फिरवतो, सावलीत अक्षर उठतं. न उठलं तर ट्रेसिंग पेपर आणि मऊ पेन्सिल.

एवढं करूनही चूक होते. पूर्ण्यापासून जवळच्या एका गावात परवा दुसऱ्यांदा गेलो. हवालदार जाऊन बरीच वर्षं झाली, आजी आहेत, नव्वदीच्या घरात. जय भीम करून बसलो. मागच्या वेळी कडेवरचा नंबर मीच वाचून लिहिला होता, फोटोशी ताडून पाहायला पुन्हा आलो होतो. आजींना लढाई, ठाणं, सालं काहीच सांगता येत नाही. सांगतील कशा? पत्त्यात ठिकाणाचं नाव नसायचंच, नुसतं मार्फत एपीओ, म्हणजे सैन्याचं टपाल कार्यालय. नवरा कुठल्या ठाण्यावर आहे, हे पत्त्यावरून कधी कळलंच नाही.

मी नंबर मोठ्यानं वाचून मोबाइलवर बोलून ठेवत होतो. आजी वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘आठ नाई लेकरा, तीन.’

मग पूर्ण नंबर म्हणून दाखवला, पाढे म्हणावेत तसा, एका दमात. लिहिता-वाचता येत नाही त्यांना. ‘पत्र मास्तर लिवायचे, अन् नंबर मी सांगायची. चुकला तं पत्र वापस येतंय म्हणायचे ते. सोळा वर्सं सांगितला.’

पदक पुन्हा टॉर्चखाली धरलं. इंग्रजी तीनची डावी बाजू घासून घासून अशी झाली होती की आठ वाटावा. डिस्चार्ज बुक वाळवीनं खाल्लेलं, त्यामुळे ताळा करायला दुसरं काही नव्हतंच, पण २५व्या स्वातंत्र्यवर्षाचं पदक मुलाच्या घरी, नांदेडला, न घासलेलं निघालं. फोटो रात्री आला. तीनच.

तेव्हा माझ्या मागच्या नोंदीवरून ज्यांनी हवालदारांचा नंबर उतरवून घेतला असेल, त्यांनी पाचव्या जागेवरचा आठ खोडून तीन करावा.