पावतीपुस्तक घेऊन नौपाड्यात

रविवार सगळा जिने चढण्यात गेला. ठाण्यातल्या वागळे इस्टेटजवळच्या आमच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गासाठी वर्गणी मागत होतो. पहिल्याच दारात प्रश्न, "गणपतीची वर्गणी आत्तापासून?" मे महिन्यात!

घाम फोडला तो तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी. "८०जी आहे का?" आहे म्हटलं (म्हणजे देणगीवर आयकरात वजावट मिळवून देणारी नोंदणी). "रोख किती चालते?" २००० रुपयांच्या वर रोख दिली तर वजावट मिळत नाही, आणि करप्रणाली जुनी असेल तरच मिळते, हे पाठ होतं म्हणून वाचलो. काका गालात हसले. "मी नवीनच घेतलीय रे. तुला माहितीये का तेवढं बघत होतो." आणि ५००० चा चेक फाडला. (वजावट शून्य, तरीही!)

समोरच्या आजींनी पर्स उघडलीच नाही. "पेन्शनीत काय देऊ? पण शाळेत गणित शिकवायचे मी. अपूर्णांक अडतात ना पोरांचे? मंगळवारी येते."

तलावपाळीवर भेळ खात हिशेब जुळवला. आजींचं काय लिहायचं, कळेना. रकानाच नाही.

तर मंगळवारी साडेपाचला त्यांना वागळेपर्यंत कोण सोडेल? स्कूटर नको, रिक्षाच हवी. आजींनी बजावून सांगितलंय.