लाल, निळा, हिरवा आणि मामी

परवा कर्वे रोडला चहा पिताना शेजारी दोन पोरं चक्क 'मास इफेक्ट ३'च्या शेवटावरून भांडत होती. गेम २०१२ चा, ही दोघं तेव्हा फार तर पहिली-दुसरीत असतील. मी मधे तोंड घातलं नाही, घातलं असतं तर रात्री जेवायला घरी पोचलो नसतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. अंतराळातल्या युद्धाचे तीन व्हिडिओ गेम, पहिला २००७ चा. पहिल्यात तुम्ही कुणाला वाचवलं, कुणाला मरू दिलं ते सगळं तुमच्या सेव्हबरोबर (म्हणजे साठवून ठेवलेल्या खेळाबरोबर) पुढच्या गेममध्ये जातं, म्हणजे पाच वर्षं आपण आपला शेपर्ड (गेमचा हिरो, ज्याला आपण खेळवतो) सांभाळतोय, आणि बनवणारे सांगत होते की शेवट ए, बी, सी टाइप नसणार. मग शेवटी एक छोटा पोरगा येतो (खरं तर एआय, पण दिसतो पोरगा) आणि तीन पर्याय देतो. लाल, निळा, हिरवा. निवडाल त्या रंगाचा स्फोट, बाकी सीन जवळपास तोच. चिडलेल्या फॅन्सनी वर्गणी काढून कंपनीला चारशेच्या वर कपकेक पाठवले, आयसिंग तीन रंगांचं आणि चव सगळ्यांची एकच! असला टोमणा पुण्यातून कसा नाही गेला याचं मला अजून वाईट वाटतं.

आमच्याकडे हे युद्ध सदाशिव पेठेत, मामाच्या जेवणाच्या टेबलावर झालं. मी 'शेवट गंडलाय' पार्टीत. मामेभाऊ इंडॉक्ट्रिनेशनवाला, म्हणजे रीपर लोकांनी (गेममधले शत्रू, महाकाय यंत्रं) शेपर्डच्या डोक्याचा ताबा घेतलाय आणि शेवटची दहा-पंधरा मिनिटं त्याच्या मनातच चाललीयेत असं मानणारा. त्याने लाइट बिलाच्या मागे पुरावे लिहून आणलेले. एक, तो पोरगा सुरुवातीला शटलमध्ये चढतो तेव्हा आजूबाजूचा एकही सैनिक त्याला हात देत नाही, बघत पण नाही. दोन, स्वप्नातली झुडपं शेवटच्या धावण्यात पुन्हा दिसतात. तीन, लेझर लागल्यानंतर हातात जे पिस्तूल येतं त्यातल्या गोळ्या संपतच नाहीत. आणि हुकमाचा एक्का म्हणजे लाल निवडलं आणि सैन्य पुरेसं जमवलेलं असलं तर अगदी शेवटी ढिगाऱ्यात कुणीतरी एक श्वास घेतं. तेवढाच सीन. 'बघ, जागा झाला तो!' असं म्हणून त्याने टेबलावर हात आपटला आणि आमटीची वाटी कलंडली.

मी तेव्हा खूप खेचली त्याची. आता वाटतं, त्याने जे रचलं होतं ते बनवणाऱ्यांच्या शेवटापेक्षा सरस होतं यार. चूक असेल, पण त्यात पहिल्या गेमपासूनचा धागा होता आणि मुख्य म्हणजे फसलेला शेपर्ड नाही, आपण होतो.

मग जूनमध्ये फुकट एक्स्टेंडेड कट, म्हणजे वाढवलेला शेवट, आला. कुणाचं पुढे काय झालं, जहाज कुठे गेलं, सगळं नीट समजावून सांगितलं. चौथा पर्याय पण दिला, नकाराचा. त्या पोराला गोळी घाला, तो एकदम राक्षसाच्या आवाजात 'सो बी इट' म्हणतो आणि सगळी आकाशगंगा मरते. मला तर हे सरळसरळ आम्हा कटकट करणाऱ्यांना दिलेलं उत्तर वाटलं, आणि मजा आली. भाऊ मात्र गप्प झाला. इतकं सगळं खरंच घडलेलं दाखवल्यावर त्याच्या लाइट बिलाला अर्थ उरला नाही. तेव्हापासून तो त्या विषयावर नीट भांडलेला नाही आणि मला ते भांडण गेमपेक्षा जास्त आठवतं.

मामी त्या दिवशी आमटी पुसता पुसता सगळं ऐकत होती. 'मेला ना रे तो शेवटी? मग विषय संपला, ताटं उचला.' आम्ही उचलली. ती ओट्याशी गेली, नळ सोडला, बंद केला.

'मग श्वास कुणी घेतला?'

साडेअकरापर्यंत बसलो होतो परत.