चार घटना

जुलैतली दुपार. कुर्ल्याला रुळांवर पाणी भरल्यानं मध्य रेल्वे बंद, म्हणून बदलापूरला निघालेला माझा विद्यार्थी सीएसएमटीवरूनच माघारी कुलाब्याला आला. घरी फोन करून तो भिजल्या कपड्यांनिशी कॉम्प्युटरपुढे बसला. तासाभरानं माझ्या दारात उभा.

"मॅडम, एक प्लॉट बघता का?"

आम्ही लार्ज हेड्रॉन कोलायडर या कण धडकवणाऱ्या महाकाय यंत्रातल्या टकरींची माहिती चाळतो. आमच्या कामात शिशाची दोन अणुकेंद्रं धडकत नाहीत, शेजारून निसटतात. प्रत्येकात ८२ प्रोटॉन आणि वेग जवळजवळ प्रकाशाचा, त्यामुळे त्यांच्याभोवतीचं विद्युतक्षेत्र म्हणजे फोटॉनांचा झोतच. क्वचित त्यातले दोन फोटॉन एकमेकांवर आदळतात आणि दोनच फोटॉन बाहेर पडतात. बाकी डिटेक्टर, म्हणजे टकरीतले कण टिपणारं यंत्र, रिकामा. अशी नोंदलेली प्रत्येक टक्कर म्हणजे आमच्या भाषेत एक 'घटना'. प्रकाश प्रकाशाला असा ढकलू शकतो हे गणित हायझेनबर्ग आणि ऑयलर यांनी १९३६ मध्ये मांडलं. थेट पुरावा २०१७ मध्ये याच कोलायडरवरच्या अ‍ॅटलास प्रयोगानं छापला, तोही अवघ्या १३ घटनांवर. मधल्यामध्ये अ‍ॅक्सिऑनसारखा एखादा नवा कण जन्मून दोन फोटॉनांत फुटत असेल, तर अशा जोड्यांचं वस्तुमान एकाच आकड्याशी गोळा होईल.

त्याच्या प्लॉटवर, म्हणजे जोड्यांच्या वस्तुमानाच्या आलेखावर, एका जागी चार घटना होत्या. तिथे जेमतेम एक अपेक्षित होती.

छातीत धडधडलं, खोटं कशाला सांगू? पण डिसेंबर २०१५ मला आठवत होता. ७५० जीईव्हीपाशी (जीईव्ही हे कणांची ऊर्जा नि वस्तुमान मोजायचं एकक) फोटॉनांच्या जोड्यांचा उंचवटा दिसला, त्यावर शेकडो शोधनिबंध लिहिले गेले, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये जास्त डेटा आल्यावर तो सपाट झाला.

"चारही उघड. एकेक बघू."

पहिल्या घटनेत ऊर्जा मोजणाऱ्या कॅलरीमीटरमध्ये समोरासमोर दोन ठिपके, पण ट्रॅक, म्हणजे विद्युतभारित कणाच्या वाटेची रेघ, नाही. पण डिटेक्टरच्या अगदी आत, पिक्सेलच्या थरांत, ठिपक्याच्या दिशेनं दोन फिकट खुणा होत्या. फोटॉन तिथे खूण सोडत नाही, इलेक्ट्रॉन सोडतो. आतल्याच थरांत बरीच ऊर्जा उधळून बसलेल्या इलेक्ट्रॉनाचा ट्रॅक प्रोग्रॅमला जुळवता येत नाही, आणि तो फोटॉन म्हणून खपतो. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या तर या टकरींत कितीतरी पटींनी जास्त. दुसरी घटना तशीच. तिसरीही.

"पिक्सेलचा कट मीच सैल केला होता, मॅडम. घटना वाढाव्यात म्हणून." कट म्हणजे पिक्सेलमध्ये खुणा असलेल्या घटना गाळणारी अट. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"सापडलं ना? मग बैस, चहा घे."

हे त्यानं माझ्यापासून लपवलं नाही, याचं मला फार मोल वाटलं. कट पूर्ववत करून त्यानं सगळं पुन्हा चालवलं, उंचवटा गेला.

चौथी घटना मात्र कटातून सुखरूप बाहेर आली. पिक्सेलमध्ये काहीच नाही. दोन फोटॉन, अगदी समोरासमोर, आणि भोवती सगळा काळोख. नवा कण नव्हता तो, पण प्रकाशानं प्रकाशाला दिलेला धक्का होता. खिडकीबाहेर समुद्र दिसत नव्हता इतका पाऊस होता, आणि आम्ही दोघं चहा विसरून त्या दोन ठिपक्यांकडे बघत होतो.