तांबड्या शाईचा शेरा

शनिवार, रात्री साडेदहा

सकाळच्या पेपरात आमच्याच भागातली बातमी होती. रात्री गाड्यांच्या काचा फोडल्या, कोयते नाचवले, दोन ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेली अल्पवयीन मुलं, ताब्यात. नावं नव्हती. कायद्याने ती छापता येत नाहीत आणि ते योग्यच आहे. दुपारी शाळेतल्या मावशींचा फोन आला, तेव्हा एक नाव कळलं. आठवीत माझ्या वर्गात होता तो. दुसऱ्या रांगेत, खिडकीपाशी बसायचा.

‘माझा मित्र’ या विषयावर त्याने अडीच पानं लिहिली होती. दोघांच्याही घरी रात्री मारहाण व्हायची. मग ते पर्वतीच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचे आणि खालचे दिवे मोजायचे. मी तांबड्या शाईने लिहिलं, ‘विषयाला धरून लिहा. शुद्धलेखन सुधारा.’ दहापैकी चार. तेव्हा हातात साठ वह्यांचा गठ्ठा होता, हे खरं. पण तो शेरा मीच लिहिला होता, हेही तितकंच खरं.

संध्याकाळी कपाटातून ‘द आउटसायडर्स’ ही इंग्रजी कादंबरी काढली. बीएडला असताना डेक्कनच्या फुटपाथवरून घेतलेली प्रत आहे, पानं पार पिवळी पडलीत. लेखिका एस. ई. हिंटन, म्हणजे सुझन एलोइज हिंटन. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा गावची. पंधराव्या वर्षी तिने हे लिहायला घेतलं. शाळेत दोन तट होते, गरीब वस्तीतले ‘ग्रीझर’ आणि पैसेवाल्यांची मुलं ‘सोश’. ती स्वतः कुठल्याच तटात नव्हती. सिनेमा बघून घरी निघालेल्या तिच्या एका मित्राला मारहाण झाली, त्या संतापातून ही गोष्ट सुरू झाली. बरंचसं लिखाण चालू होतं तेव्हा घरात वडील मेंदूच्या गाठीने आजारी होते. ते त्यातच गेले. आणि त्याच वर्षी शाळेत तिला सर्जनशील लेखनात ‘डी’ मिळाला. हे आधीही वाचलेलं होतं, पण आज त्या ‘डी’पाशी मी बराच वेळ थांबले. तो देणारं कुणीतरी माझ्यासारखंच, हातात गठ्ठा घेऊन बसलेलं असणार.

पुस्तक 1967 साली आलं. नावाची फक्त आद्याक्षरं छापली, कारण मुलांच्या टोळ्यांची गोष्ट एका मुलीने लिहिलीय म्हटल्यावर समीक्षक ती गंभीरपणे घेणार नाहीत, असं प्रकाशकांना वाटलं. पुढे त्याच्या कोट्यवधी प्रती गेल्या.

गोष्ट सांगतो चौदा वर्षांचा पोनीबॉय. त्याच्या तटातल्या एका पोराच्या हातून खून होतो, पण आपल्याला त्या पोराची भीती वाटत नाही, काळजी वाटते. शेवटी कळतं, की हे सगळं पुस्तक म्हणजे इंग्रजीच्या सरांनी सांगितलेला निबंध आहे. नापास व्हायच्या बेतात असलेल्या मुलाला सरांनी एक संधी दिलेली असते. बीएडच्या वयात मला ती लेखिकेची युक्ती वाटली होती. आज त्या पानावर रडू आलं.

निबंध म्हटलं की पुण्यात आता दुसरंच आठवतं. मे 2024 मध्ये कल्याणीनगरला महागड्या गाडीखाली दोन जीव गेले आणि ती चालवल्याचा आरोप असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला काही तासांत जामीन मिळाला, अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर. लोक पेटून उठले, मग आदेश बदलला. मीही चिडले होते. पण तेव्हाही मनात आलं होतं, आमच्या वस्तीतल्या पोराला निबंध लिही असं कोण म्हणेल? हिंटनने दोन तटांमधली हीच दरी मांडली होती, आणि ‘सोश’ पोरांनाही ती माणूस म्हणून बघू शकली. मला ते अजून जमत नाही.

पहिल्या यशानंतर तिचं लिहिणं ठप्प झालं. दडपणाने काही वर्षं कागदाला हात लागेना. मग तिचा मित्र, जो पुढे नवरा झाला, त्याने अट घातली: रोज दोन पानं, नाहीतर फिरायला जायचं नाही. त्यातून 1971 साली दुसरी कादंबरी आली, 1975 साली ‘रंबल फिश’, 1979 साली ‘टेक्स’. सगळीकडे पोरंच, बिनबापाची नाहीतर बाप असून नसल्यासारखी.

सिनेमाचं तर मला फार आवडतं. कॅलिफोर्नियातल्या एका शाळेच्या ग्रंथपाल बाईंनी मुलांच्या सह्या घेऊन दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोलाला पत्र पाठवलं, की या पुस्तकावर सिनेमा करा. त्याने तो टल्सातच केला, 1983 साली. हिंटनने त्यात नर्सची छोटी भूमिका केली. आणि ते शूटिंग चालू असतानाच, सुट्टीच्या दिवशी बसून दोघांनी ‘रंबल फिश’ची पटकथा लिहिली. तोही सिनेमा त्याच वर्षी आला. सोळाव्या वर्षी जे गल्लीत पाहिलं, त्यालाच ती पस्तिशीतही धरून होती. विषय बदल, असं तिला कुणी म्हटलं असेल तर तिने ऐकलं नाही.

सोमवारी परिविक्षा अधिकाऱ्यांना, म्हणजे अशा मुलांवर देखरेख ठेवणाऱ्यांना, भेटणार आहे. वही आणि पेन आत देता येईल का, विचारते. दोनशे पानी वही आणून ठेवलीय, तांबडं पेन पिशवीतून काढून ठेवलं. भेटू दिलं तर त्याला एकच विचारायचंय. ताब्यात घेतलेला तो दुसरा मुलगा, दिवे मोजणारा तोच का?