उजव्या हाताचं कौतुक

बाळाला बसायला, चालायला, बोलायला उशीर होतोय तर किती दिवस वाट पाहायची, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. "वहिनी, अजून कितला दिन वाट देखू?" हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी माझ्या कानावर येतो, आणि बहुतेक वेळा माझ्या तोंडात टाचण्या असताना. अमळनेरात माझं शिवणकाम आहे. ब्लाउजचं माप द्यायला आलेली बाई हात वर करून उभी असते, मी टेप लावलेली असते, आणि ती हळूच विषय काढते. नातू दीड वर्षाचा झाला, उभा राहत नाही. पोरगी दोन वर्षांची आहे, 'माय'पलीकडे शब्द नाही. माझ्या मुलाचं गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, म्हणून डॉक्टरांच्या आधी मला विचारतात.

मी डॉक्टर नाही. पण वाट पाहिलेली आहे, आणि ती कशी पाहिली तेवढं सांगू शकते.

माझा मुलगा बत्तिसाव्या आठवड्यात झाला, दीड किलोला शंभर ग्रॅम कमी. खरं तर आठवा महिना लागला होता. पण आठव्यातलं पोर जगत नाही म्हणतात, म्हणून घरात सगळे त्याला सातव्यातलाच म्हणायचे. तीन आठवडे काचेच्या पेटीत राहून घरी आला. मान धरायला उशीर झाला: सातव्यातलं आहे. पालथं पडायला उशीर झाला: सातव्यातलं आहे. दहाव्या महिन्यात लोडाला टेकवल्याशिवाय बसेना, तरी सातव्यातलंच. सासूबाई म्हणायच्या, "हळूहळू व्हई जाई. त्याना बाप भी दोन वरीसना व्हयना तवय चालना." नवव्या महिन्यात गोवराच्या लशीला एका दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांनीही वजन पाहून तेच सांगितलं. लवकर झालेल्या पोराला उशीर लागतो, हे खोटं नव्हतंच. किती लागतो, ते कुणी सांगत नव्हतं. मी इंचाचा आठवा भाग मोजून कापड कापणारी बाई, पण तेव्हा मलाही विचारायचं सुचलं नाही.

आणि त्याच्या उजव्या हाताचं आमच्याकडे फार कौतुक होतं.

खेळणं उजव्या हातात, बिस्कीट उजव्या हातात. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला बोरीच्या पात्रात घेऊन गेलो, तेव्हा तो अकरा महिन्यांचा होता. प्रसाद पुढे केला तर त्यानं उजवा हात लांबवला. सासूबाईंनी भेटेल त्याला सांगितलं, "पोऱ्या हुशार शे, जेवाना हात बराबर वळखस." मलाही बरंच वाटलं होतं. दुखणं उजव्या हातात असतं आणि पोरगं सगळं डाव्यानं उचलत असतं, तर घरात आठवडाभरात गहजब झाला असता. पण उजव्या हातानं घेणाऱ्या मुलाला कोण नावं ठेवणार?

डावा हात मुठीत असायचा, अंगठा आत दाबलेला. अंघोळीला बसवलं की ती मूठ एकेक बोट करून उघडावी लागे. आत धाग्याची गुंतवळ आणि आंबूस वास. माझ्या मशीनखाली कायम धाग्यांचे तुकडे पडलेले असतात. ते तो उजव्या अंगठ्यानं आणि बोटानं नेमके टिपायचा. डाव्या बाजूला पडलेला धागा मात्र सगळं अंग वळवून उजव्यानंच घ्यायचा. हे मी रोज पाहत होते. पाहत होते आणि पायडल मारत होते.

आमच्या अंगणवाडीच्या ताई एकदा वजनाला आल्या आणि कार्डावरची चित्रं दाखवत सहज म्हणाल्या, "टाळ्या वाजवतो का?" मी म्हटलं, वाजवतो की. दाखवायला गाणं म्हटलं. पोरानं उजवा तळवा डाव्या मुठीवर आपटला. ताई काही बोलल्या नाहीत. पुन्हा म्हणायला लावलं, मग वहीत नाव लिहून घेतलं आणि गाडी येईल त्या दिवशी घेऊन या म्हणाल्या.

ही गाडी म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला हा कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा त्यांचं पथक येतं, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना पाहतं. आपल्याकडे लोकांना वाटतं ते जंताच्या गोळ्या वाटायला येतात. प्रत्यक्षात जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर, हे चारही त्यांनी बघायचं असतं. त्यांनी चिठ्ठी दिली की जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी फुकट होते. आम्ही चिठ्ठी घेऊन पॅसेंजरनं जळगावला गेलो.

तिथं काय करतात, हेही बायका विचारतात. टोचतात का, डोक्याला वायरी लावतात का? आमच्या वेळी सतरंजी होती, आरसा होता, लाकडी ठोकळे, कप, घंटी आणि दोरी बांधलेली लाल रिंग. पहिला अर्धा तास मॅडम माझ्याशीच बोलत होत्या. जन्मल्यावर लगेच रडला का, कोणत्या बाजूला मान करून झोपतो, लंगोट बांधताना पाय ताठ होतात का. सोबत माझा दीर आला होता, तो मध्ये मध्ये "सगळं नॉर्मल आहे" म्हणत होता, त्याला त्यांनी चहाला पाठवलं. म्हणून सांगते, मुलाला जो रोज न्हाऊ-खाऊ घालतो त्यानं सोबत जावं. गावातल्या वजनदार माणसाला नेऊन उपयोग नाही.

मग त्या त्याच्याशी खेळल्या. म्हणजे मला तसं वाटलं. तोंडावर रुमाल टाकला, त्यानं उजव्या हातानं ओढून काढला. मग उजवा हात हलकेच धरून ठेवला आणि पुन्हा रुमाल टाकला. डावी मूठ थोडी वर आली, हवेत थांबली. तो रुमालाखाली रडायला लागला. नंतर त्याला पोटाखाली धरून आडवं उचललं आणि डोकं खाली करत एकदम सतरंजीकडे झुकवलं. पडतोय असं वाटलं की मूल दोन्ही हात पुढं करतं, हे आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास यायला लागतं. माझ्या मुलाचा उजवा हात पंज्यासकट पुढं आला. डावा कोपरात मुडपलेला, मूठ छातीशी. मला कुणी काही समजावून सांगायची गरज उरली नाही. तेरा महिने जे तुकड्यातुकड्यानं पाहिलं होतं, ते त्या एका क्षणात जोडून समोर आलं.

मग हिशेब. त्यांची वाढ मोजायची पट्टी बडोद्याला डॉ. प्रमिला फाटक यांनी आपल्याकडच्या मुलांवरून तयार केलेली, अडीच वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी. हालचालींच्या ६७ आणि समजेच्या १६३ गोष्टी तिच्यात आहेत. मॅडमनी आधी वय काढलं. पूर्ण दिवसांचे चाळीस आठवडे, त्यातून बत्तीस गेले, उरले आठ. तेरा महिन्यांतून दोन महिने वजा, म्हणजे अकरा. "हे दोन महिने त्याला माफ," त्या म्हणाल्या, "मूल दोन वर्षांचं होईपर्यंत दर वेळी एवढेच वजा करायचे. जास्त नाही." मला हे वाक्य मारल्यासारखं लागलं. आम्ही 'सातव्यातलं'च्या नावावर किती महिने उधार घेतले होते, त्याला गणतीच नव्हती.

हालचाली सात महिन्यांच्या बाळाएवढ्या निघाल्या, समज दहा महिन्यांची. साताला अकरानं भागून शंभरानं गुणलं: चौसष्ट. सत्तरच्या खाली आलं तर उशीर म्हणतात. समजेचे आले एक्याण्णव. घरी आल्यावर नवऱ्यानं कागद पाहिला आणि म्हणाला, "चौसष्ट? फर्स्ट क्लास की मग." तो विनोद करत नव्हता, त्याला खरंच तसं वाटलं. मी सांगितलं तेव्हा तो बराच वेळ ओट्यावर बसून राहिला.

पुढचं लवकर सांगते. मेंदूचा फोटो झाला. जन्माच्या आसपास उजव्या बाजूला रक्तस्राव झाला होता. उजवी बाजू डाव्या अंगाला चालवते. लवकर झालेल्या बाळांत असं होऊ शकतं. गल्लीनं मात्र वेगळंच निदान केलं: मी गरोदर असताना ग्रहणात कात्री चालवली असणार. मी शिंपीकाम करते, कात्री तर रोजच चालते. कितीतरी रात्री मी कॅलेंडर काढून ग्रहणं मोजली, हे आज लिहिताना लाज वाटते.

आता तुमचा प्रश्न. किती दिवस वाट पाहायची?

जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांतली निरोगी मुलं पाहून २००६ साली एक मोजणी छापली, त्यात आपल्या देशातलीही मुलं होती. आधाराशिवाय बसणं साधारण चौथ्या महिन्यापासून सव्वानऊ महिन्यांपर्यंत केव्हाही येतं. एकट्यानं चालणं सव्वाआठपासून साडेसतरापर्यंत. किती रुंद पट्टा आहे बघा. म्हणून शेजारणीचं पोर दहाव्या महिन्यात चाललं आणि तुमचं चौदाव्यातही नाही, तर जीव टांगणीला लावू नका. पण पट्ट्याला शेवट आहे. दीड वर्ष झालं आणि पाऊल नाही, तर मग बाप केव्हा चालला होता हे विचारायचं नाही, दाखवायचं. वर्षाचं होऊन नावानं हाक मारल्यावर बघत नसेल, दोन वर्षांचं होऊन 'पानी दे'सारखे दोन शब्द जोडत नसेल, तरी दाखवायचं. दीड वर्षाच्या आत एकच हात चालत असेल, मग तो उजवा का असेना, दाखवायचं. आणि येत असलेलं काही गेलं, म्हणजे बोलत होतं ते थांबलं, हसत होतं ते थांबलं, तर पुढच्या सोमवारची वाट पाहू नका.

न बोलणाऱ्या मुलाचे आधी कान तपासा. हे मी फार आग्रहानं सांगते, कारण माझ्याकडे येणाऱ्या एका बाईनं पोरीला मोबाइलमुळे बोलता येत नाही म्हणून वर्षभर मोबाइल लपवला. पोरीला ऐकूच येत नव्हतं. लहान बाळ झोपेत असताना बेरा नावाची तपासणी होते, त्याला काही बोलावं लागत नाही की बटण दाबावं लागत नाही.

आणि बोली सांगा. दुसऱ्या तपासणीला माझा मुलगा वीस महिन्यांचा होता. तिथल्या नव्या मॅडम आपल्या भागातल्या नव्हत्या. "बाळाचा डोळा कुठंय?" तीनदा विचारलं, हा ढिम्म. मी म्हटलं, "डोया कोठे शे?" तर त्यानं बोट थेट स्वतःच्या डोळ्यात घातलं. त्यांनी हसून आधीची खूण खोडली. घरात अहिराणी असेल, भिली असेल, पावरी असेल, लाजू नका. पोराच्या खात्यातून फुकट गुण जातात.

कागदाची भीती वाटते, तेही कळतं. विशेषतः मुलीच्या बाबतीत, पुढं लग्नात अडेल म्हणून. पण ही तपासणी म्हणजे अपंगत्वाचा दाखला नाही. तो वेगळा असतो, २०१६च्या कायद्याखाली आपण अर्ज केला तरच मिळतो. तपासणीचा कागद मापाच्या वहीसारखा आहे, सहा महिन्यांनी जुना होतो. माझ्याकडे असे सात आहेत. आकडे खालीवर आहेत.

तपासलं म्हणून वाट पाहणं थांबतं असं नाही. मीही पाहिलीच, पण हाताशी काम होतं. थेरपिस्टनी सांगितलं, चांगल्या हाताला रोज थोडा वेळ मोजा घालायचा, म्हणजे दुसऱ्याला काम करावं लागतं. वेळ त्या ठरवून देणार, आणि मी समोर बसलेलीच पाहिजे, कारण तोल गेला तर सावरायला हात नाही. (म्हणून हे वाचून घरी सुरू करू नका.) मोजा मी शिवला. जुन्या मऊ धोतराचा, आत शिवण बोचू नये म्हणून उलटी टीप घातली, वर लाल सुताचा हत्ती. पहिले चार दिवस तो हत्तीकडे बघून रडला. सासूबाई उठून बाहेर जाऊन बसायच्या, त्यांना बघवायचं नाही. सातव्या-आठव्या दिवशी ताटलीत केळीचे काप ठेवले होते. डावी मूठ कापावर आपटली, केळं चेंगरलं, मुठीला चिकटलं, आणि त्यानं ती मूठ तशीच तोंडात घातली. सासूबाई उंबऱ्यातून बघत होत्या. "डावा हातवरी खास रे!" म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. त्या घरात डाव्या हातानं खाल्ल्याचा आनंद पहिल्यांदाच झाला असेल.

विसाव्या महिन्यात तो चालला, डावी टाच थोडी उचलत. आता चौथीत आहे. डावा हात पूर्ण सुटलेला नाही. शर्टाच्या कॉलरजवळचं बटण त्याला लागत नाही, म्हणून मी तिथं नेहमी टिचबटण लावते आणि वरून नुसतं शोभेचं बटण टाकते, वर्गात कुणाला कळत नाही. या जूनमध्ये शाळेचा नवा शर्ट बेतला, तर मशीनजवळ येऊन उभा राहिला. "मम्मी, या वेळी खरं काज कर."

काज केलं. एक सूत मोठं ठेवलं आहे, त्याला सांगितलेलं नाही.