दक्षिण टेक्सासच्या रँचवर पाच महिने: रोही, हरणं आणि जबड्यांचा हिशेब

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात इंटर्नशिपसाठी टेक्सासमधल्या किंग्जव्हिलहून निघाले आणि दुपारी रँचच्या फाटकाशी उतरले. समोर मेस्किटची काटेरी झुडपं, निवडुंग आणि पांढरी धूळ. इथलं मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचं सख्खं भावंडच. तेवढ्यात वाटेत निळसर करड्या रंगाचा एक दांडगा नर आडवा गेला. रोही! १९३० च्या सुमारास किंग रँचने आणून सोडलेल्या नीलगायींची ही प्रजा आज दक्षिण टेक्सासच्या झुडपांत मोकळी फिरते. आमच्या वर्धा जिल्ह्यात याच रोह्यांपायी बाबा रात्र-रात्र जागल करतात. संध्याकाळी फोनवर सांगितलं तर म्हणाले, "अगं, तिकडं त्यांना कोण हाकलतं?"

हाकलत नाहीत, मोजतात आणि मारतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वाढलेल्या मला हे सहज पचलं नाही. इथली बहुतेक सगळी जमीन खासगी, पण पांढऱ्या शेपटीचं हरीण मात्र जनतेचं, म्हणजे राज्याचं. आमच्यासारख्या सरकारी हरीण व्यवस्थापन कार्यक्रमातल्या रँचला मोजणी आणि कुरणाची स्थिती पाहून ठरावीक टॅग मिळतात. तेवढीच हरणं मारता येतात. रोही, चितळ, काळवीट बाहेरून आणलेले, म्हणून त्यांना हंगाम नाही की मर्यादा नाही. आकडा चुकला तर एक तर पोटं खपाटीला गेलेली हरणं उरतात, नाही तर रान रिकामं होतं. तो आकडा इंटर्नच्या वहीतून निघतो, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

पहिले दोन महिने रात्रीच्या मोजणीत गेले. सूर्य मावळल्यावर तासाभराने पिकअपच्या मागे दोघांनी उभं राहायचं, दोन्ही बाजूंना झोत टाकायचे, गाडी सायकलच्या वेगाने. डोळे चमकले की थांबून दुर्बिणीतून नर, मादी की पाडस ते सांगायचं. ओळखू आलं नाही तर 'अनोळखी' लिहायचं, अंदाजाने मादी लिहायची नाही. पुढे हेलिकॉप्टरमधून मोजणी झाली. दारं काढून टाकलेली असतात. पेन्सिल दोरीने बांधा, उलटीची गोळी आधीच घ्या आणि नाश्ता हलका ठेवा.

खरं शिक्षण नोव्हेंबरमध्ये झालं. पहिल्या शनिवारी हंगाम उघडला आणि सोलण्याच्या शेडमध्ये हरणं येऊ लागली. वजन, शिंगांची मापं, मादीच्या कासेत दूध आहे का, आणि मग खालचा जबडा. तोंड पान्याने फाकवून फांद्या छाटायच्या लांब दांड्याच्या कात्रीने तो कापून काढतात. तिसरी उपदाढ पाहायची: तिला तीन उंचवटे असतील तर ती दुधाची, जनावर साधारण दीड वर्षाचं. दोन असतील तर ती पडून नवी आली. त्यापुढे दाढेची झीज: पांढऱ्या एनॅमलपेक्षा मधली तपकिरी डेंटीनची रेघ जितकी रुंद, तितकं वय जास्त. पन्नासेक जबडे हाताखालून गेल्यावर बोटांना कळायला लागतं.

एका शनिवारी गर्दीत मी दोन जबडे टॅग न बांधता बादलीत टाकले. कुठला कोणाचा, सांगता येईना. दोन्ही नोंदी बाद कराव्या लागल्या. मॅनेजर रागावले नाहीत, पण त्यांनी ती दोन पानं माझ्यासमोर शांतपणे खोडली, ते जास्त लागलं. दोन जनावरं मेली होती आणि त्यांच्याकडून आम्ही काहीच शिकलो नव्हतो. तेव्हापासून टॅग आधी, कात्री नंतर. लसिका ग्रंथींच्या नमुन्यांचंही तसंच. हरणांना खंगवून मारणारा सीडब्ल्यूडी हा रोग टेक्सासात पहिल्यांदा २०१२ मध्ये सापडला. बिननावाचा नमुना तपासून उपयोग काय?

आता जाणाऱ्यांसाठी. एफ-१ व्हिसावर असाल तर कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून सीपीटीची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची, मंजुरी हातात आल्याशिवाय एक दिवसही काम करू नका. बंदुकीला हात लावू नका: आपल्या व्हिसावर ती बाळगायला बंदी आहे, शिकारीचा वैध परवाना असेल तरच सूट मिळते, आणि तरीही आधी त्या कार्यालयात विचारा. मी पाच महिन्यांत एकही गोळी झाडली नाही, काही अडलं नाही. ड्रायव्हिंग लायसन्स मात्र हवंच.

कपड्यांत काटकसर कराल ती सापापासून वाचवणाऱ्या गेटर्सवर, म्हणजे पायांवर चढवायच्या जाड पट्ट्यांवर, नको. रॅटलस्नेक वाटेच्या कडेलाच वेटोळं घालून बसतात. बूट घालण्याआधी झटका, रात्री अंगावरचे गोचीड शोधा. सर्वांत जवळचं किराणा दुकान आमच्यापासून पाऊण तासावर होतं. डाळ, तांदूळ, मसाला आणि छोटा कुकर बरोबर न्या. शाकाहारी असाल तर अर्जातच सांगा. रक्त, वास आणि आतडी यांची तयारी नसेल तर हंगामाऐवजी उन्हाळ्यातली इंटर्नशिप घ्या. तेव्हा काम वनस्पतींचं आणि कॅमेऱ्यांचं असतं.

अर्जात 'प्राण्यांवर प्रेम आहे' एवढंच लिहू नका. कुठे, काय, किती दिवस मोजलंत ते लिहा. मी बाबांच्या शेतात तीन हंगाम ठेवलेली रोह्यांच्या पावलांची वही स्कॅन करून जोडली होती. मुलाखतीत सगळे प्रश्न त्या वहीवरच आले.