बाटली कुठवर पोचली?

मंगळवार
ताईच्या स्तनातल्या गाठीतून सुईने पाच तुकडे काढले, कॅन्सर आहे का ते तपासायला (बायॉप्सी). एकेक जाड शेवेएवढा, दीड-दोन सेंटिमीटर लांब. लॅबमध्ये तुकड्यांची बाटली आपणच न्यायची असेल तर आत काय आहे ते आधी विचारावं. १० टक्के फॉर्मॅलिन (तुकडा टिकवणारं द्रावण) हवं, तेही तुकड्यांच्या निदान दहापट. सलाइनमध्ये तुकडा खराब होतो. नाव, वय, डावी की उजवी बाजू हे बाटलीच्या अंगावर लिहिलेलं असावं. झाकणावर नको, झाकणं बदलली जातात. बडोद्याच्या दांडिया बाजारातून स्कूटरवर न्यायची तर झाकण घट्ट करून बाटली उभी धरायची, बर्फ लागत नाही. सोबत सोनोग्राफी-मॅमोग्राफीच्या रिपोर्टांची झेरॉक्स. पावतीवरचा नमुना क्रमांक लगेच लिहून घेतला.

बुधवार
‘जरा लवकर करा ना’ असं लॅबला सांगायचा मोह होतो. सांगू नये. स्तनाचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ७२ तास राहावा लागतो. कमी राहिला तर हार्मोन रिसेप्टर (पेशीवर हार्मोनला प्रतिसाद देणारी प्रथिनं) असूनही ‘नाही’ असं उत्तर येऊ शकतं आणि पुढची औषधंच चुकतात. मग रात्रभर मशिनमध्ये: अल्कोहोल पाणी काढतं, झायलीन अल्कोहोल काढतं, शेवटी वितळलेलं मेण आत शिरतं. त्या मेणाच्या ठोकळ्याचे ३-४ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घेतात. रंग दिला की पेशींची केंद्रं निळी-जांभळी, बाकीचं गुलाबी. पुढे बघायचं काम डोळ्यांचं, त्याला बटण नाही.

शुक्रवार
रिपोर्ट नाही. उशीर झाला म्हणजे वाईटच, हा हिशेब डोक्यातून जाता जात नाही. पण ठोकळ्यातून आणखी खोल काप घेतले असतील, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवलं असेल, किंवा नुसती एखादी सुट्टी मध्ये आली असेल. कॅन्सर निघालाच तर इआर, पीआर (हे हार्मोन रिसेप्टर) आणि हर२ (कॅन्सरच्या वाढीशी जोडलेलं एक प्रथिन) या तपासण्यांना आणखी दिवस लागतात, आणि हर२ ‘२+’ (म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही) आला तर फिश ही जनुकाची तपासणी, म्हणजे पुन्हा थांबणं. रात्री मोबाइलवर जगण्याची टक्केवारी शोधण्यात काही अर्थ नाही. स्टेज आणि रिसेप्टर कळल्याशिवाय तो आकडा ताईचा नसतोच.

सुईच्या जागी निळं पडलंय, ते चालतं. सूज वाढली, ताप आला, रक्त थांबेना, तर मात्र डॉक्टरांना फोन.

रविवार
शेजारच्या बा विचारतात, ‘रिपोर्ट आव्यो?’ नागपूरच्या आत्यांचाही फोन. उत्तर सगळ्यांना एकच: आला की आम्हीच कळवू. पीडीएफ कोणाच्या फोनवर येणार हे ताईनेच ठरवलं: तिच्याच. उघडायची सर्जनसमोर बसून. ठोकळा आणि काचा परत मागता येतात, दुसरं मत घ्यायला मुंबईला टाटा मेमोरियलला न्यायच्या तर त्याच लागतात. कागदी रिपोर्ट पुरत नाही.

उद्या अकराला लॅबला फोन. नमुना क्रमांक कालनिर्णयवर लिहिलाय. त्याच्याच खाली ताईने दुधाचा हिशेब मांडलाय, दोन दिवसांचा खाडा धरून.